स्पृहाची सकाळची साखर

७ जुलै २०२५, सोमवार

आज मी माझ्या नातीला सुई टोचली. टोचली तिला आणि "आई गं" निघालं माझ्या तोंडून. पोर ढिम्म. उलट मलाच म्हणाली, "आजोबा, बोटाच्या मधोमध नाही टोचायचं, कडेला टोचायचं. तिथे कमी दुखतं." पाच वर्षांच्या मुलीला हे माहीत असावं, याचा धक्का संध्याकाळ झाली तरी ओसरलेला नाही.

ही कामगिरी माझ्याकडे आली, कारण रुपालीच्या, म्हणजे सूनबाईंच्या, हिंजवडीतल्या कंपनीने घरून काम करणं बंद केलं. आजपासून वारज्याच्या चौकात कंपनीची बस पकडून भल्या सकाळी जायचं आणि दिवेलागणीला उगवायचं. आमचे चिरंजीव वरद सहा महिन्यांसाठी जर्मनीत. माझ्या बायकोला, वासंतीला, जाऊन तीन वर्षं झाली. राहता राहिलो मी.

स्पृहाच्या आजाराचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही. मला कळलं ते एवढंच : तिचं यकृत साखर साठवतं, पण गरजेला बाहेर सोडत नाही. पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर घसरते. फार घसरली तर झटका येतो, आणि त्याच्यापुढचं विचारलं की डॉक्टर शर्मिलाबाई खिडकीबाहेर बघतात. म्हणून दर थोड्या तासांनी, अगदी पहाटेसुद्धा, कच्चं कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून प्यायचं. ते हळूहळू पचत राहतं. दूध, फळं, साखर, मध सगळं बंद. सकाळच्या कॉर्नफ्लोअरच्या आधी बोटातून थेंब काढायचा, घरच्या मीटरवर साखर बघायची आणि आकडा डॉक्टरांना मोबाइलवर पाठवायचा. सत्तरच्या पुढे ठीक, साठच्या खाली धावपळ. दंडावर चिकटवायचं यंत्रही आणलं होतं, पण तिच्या कातडीला सोसलं नाही, पुरळ उठलं. तेव्हा सध्या सुईच.

जाताना रुपाली दारातून तीनदा परत आली. "बाबा, आधी साबणाने हात धुवायचे तिचे. पुसून कोरडे करायचे. मग टोचायचं." ऐकून घेतलं. मी वजनमापे खात्यात उभी हयात निरीक्षक होतो. मोजायचं कसं हे मला अकोल्याच्या मुलीने शिकवायचं, एवढंच बघायचं राहिलं होतं.

आकडा त्र्याहत्तर आला. पाठवला.

१२ जुलै, शनिवार

आज सुट्टी, म्हणून सुई रुपालीकडे. मी मोकळा होतो, तर स्पृहाने माझा जुना पितळी तराजू माळ्यावरून काढायला लावला. दुकान-दुकान खेळलो. ती दुकानदार, मी निरीक्षक. बुधवार पेठेतल्या एका वाण्याची गोष्ट सांगितली तिला. त्याचा काटा अगदी चोख होता, वजनं चोख, सगळं शिक्क्याचं. तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला माल कमी. माझ्या हाताखालचा माणूस काट्याचे स्क्रू काढत बसला होता. मी सरळ पारडं उलटं केलं. खाली चिंचेचा गोळा चिकटवलेला!

"म्हणून," म्हटलं, "काटा बघायच्या आधी काय करायचं?"

"पारडं पुसायचं!"

दिवसभर तिचं तेच चाललं होतं. जेवताना ताट मांडलं तर ते पुसून बघितलं. रुपाली म्हणाली, "काय शिकवून राहिले बाबा तिला?" हसली मात्र. फार दिवसांनी हसली.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. वासंती होती तेव्हा श्रावणभर तिच्या बाळकृष्णाला रोज पंचामृताचा अभिषेक असे. ती गेल्यावर मी आळस केला. देवावर एक पळी पाणी ओतलं की झालं. पण या वर्षी ठरवलं, स्पृहाच्या नावाने संकल्प करायचा आणि महिनाभर अभिषेक चुकवायचा नाही. डॉक्टर त्यांचं करताहेत, आपण आपलं करावं.

फक्त क्रम बदलावा लागला. आधी उठल्या उठल्या टोचत होतो. आता रक्त काढलेल्या हाताने देवाला शिवायचं कसं? तेव्हा आधी तिची आंघोळ, मग पूजा, मग सुई, मग कॉर्नफ्लोअर. पूजा काही लांबवत नाही, वेळेत उरकतो.

स्पृहाला अभिषेकाचं वेड लागलंय. बाळकृष्णाला ताम्हणात बसवून दूध, दही, तूप, मध, साखर सगळं तीच घालते आणि इवल्या बोटांनी त्याचं अंग चोळते. "साखरेने घासलं की देव चमकतो" असं तिचं म्हणणं. पथ्याच्या बाबतीत मात्र मी पक्का आहे. एक थेंब तोंडात जाऊ देत नाही. तीही इतकी गुणाची की बोट कधी चाटत नाही. मी शिकवलं तसं, हात डोळ्यांना लावते आणि डोक्यावरून फिरवते. तीर्थाचा हात धुवायचा नसतो.

आज आकडा एकशे अठ्ठावीस. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. दोन वर्षांत सकाळी कधी शंभराच्या वर गेली नव्हती पोर!

२८ जुलै, सोमवार

शनिवारी रुपालीच्या हातून एकाहत्तर. रविवारी अडुसष्ट. आज माझ्या हातून एकशे एकतीस.

याला काय म्हणायचं? काही वैद्यांच्या हाताला यश असतं, औषध तेच पण गुण येतो. मी काही वैद्य नाही. पण हाताला यश आहे असं दिसतंय, आणि ते वजनमापे खात्यात वाया गेलं.

रुपाली सुट्टीच्या दिवशी पोरीला अंथरुणातच टोचते. ना आंघोळ, ना दिवा. मी बोललो नाही, म्हटलं सुनेच्या वाटेला कशाला जा. पण घरात देवाचं काही होऊ लागलं की आकड्यात दिसतं, हे कुणीतरी तिला सांगायला हवं.

४ ऑगस्ट, सोमवार

रुपालीने रात्रीच्या जेवणाला विषय काढलाच. "बाबा, तुमचे आकडे नि माझे आकडे इतके वेगळे कसे काय येतात? तिचे हात धुता ना तुम्ही?"

मला रागच आला. "अगं, आंघोळ घातलेली असते तिला. डोक्यावरून. सोवळ्यातली मुलगी असते. त्याहून स्वच्छ हात कुणाचे असतील?"

"नाही, तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

तिने पानातली भाजी इकडून तिकडे केली. म्हणाली, "आंघोळ झालेली असते तर ठीकच आहे." ठीकच आहे म्हणे. मीही मग आमटी न घेता उठलो. जिला आपल्या हातून चांगला आकडा येत नाही तिला दुसऱ्याचा चांगला आकडा बघवत नाही, एवढाच याचा अर्थ. नाचता येईना अंगण वाकडं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टर शर्मिलाबाईंचा फोन आला. दोन आठवड्यांचे आकडे पाहून खूश होत्या. मात्र म्हणाल्या, सकाळची साखर आता जरा जास्तच राहते आहे, पहाटेचं कॉर्नफ्लोअर बहुधा गरजेपेक्षा जास्त होतंय. तेही चांगलं नाही, यकृत सुजतं. उद्यापासून पहाटेचं थोडं कमी करून बघू.

कमी करून बघू! ज्या पिठासाठी दोन वर्षं या घरात पहाटेचा गजर लावावा लागला, ते कमी होतंय. मी वासंतीच्या फोटोपुढे उभा राहिलो आणि मला भरून आलं. रुपालीला फोन केला तर ती म्हणाली, "शनिवार-रविवारचे आकडे पाहिले का त्यांनी?" म्हटलं, "पाच दिवस माझे, दोन दिवस तुझे. बहुमत बघतात."

११ ऑगस्ट, सोमवार

शाळेच्या बाईंची तक्रार. स्पृहा वर्गात पेंगते. सकाळी इथेही हट्ट करते. आज पूजेत बाळकृष्णाला ताम्हणात आपटलंन आणि भोकाड पसरलं. मी रागावलो. मग बघतो तर फ्रॉक पाठीला घामाने चिकटलेला. पंखा वाढवला. ऑगस्टमध्ये पुण्यात हे असलं दमट कधी नव्हतं, आता झाडंच ठेवली नाहीत तर काय होणार.

शनिवारी-रविवारी रुपालीच्या हातून एकसष्ट आणि साठ. ती घाबरली. डॉक्टरांना कळवते म्हणाली. मी म्हटलं, एक दिवस थांब, उद्या माझा आकडा बघ. आज एकशे चोवीस आला. तिला फोटो काढून पाठवला. कॉर्नफ्लोअर प्यायल्यावर पोरही ताजीतवानी झाली, म्हणजे नुसता हट्टच होता.

१३ ऑगस्ट, बुधवार. हॉस्पिटल

अक्षर लागेल की नाही कोण जाणे. पण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

सकाळी अभिषेक चालला होता. स्पृहा बाळकृष्णाला साखर लावत होती. मध्येच थांबली. मी म्हटलं, "आवर." तिने माझ्याकडे पाहिलं, पण मला पाहिलंच नाही. डोळे कुठेतरी पलीकडे. आणि मग मान टाकली. देव हातातून सुटून ताम्हणात वाजला.

मी तिला मांडीवर घेतलं. अंग गार, घामाने भिजलेलं. पहिलं काम केलं ते सुई टोचण्याचं. मीटर म्हणालं, एकशे सदतीस.

म्हणजे साखर नाही. मग काय? ताप? मेंदूत काही? मी रुपालीला फोन लावला. ती बसमध्ये होती.

"बाबा, ग्लुकोजची ट्यूब! फ्रिजच्या दारात आहे! गालाच्या आतून लावा!"

"अगं, साखर एकशे सदतीस आहे तिची. जास्त झाली तर?"

"आकडा गेला चुलीत! देऊन टाका ना आधी!"

आणि मी काय केलं? मी पुन्हा टोचली. माझ्या अंगात मुरलेलं आहे ते, शंका आली की दुसरं वाचन घ्यायचं. मीटर म्हणालं, एकशे तेहेतीस. मी फोनवर तिला तेही सांगितलं. यंत्र दोनदा तेच सांगतंय, म्हटलं. पलीकडून रुपाली किंचाळली. इतकी वर्षं माझ्यापुढे आवाज न चढवणारी मुलगी, भरल्या बसमध्ये ओरडली, "बाबा, माझी पोर मारता का तुम्ही?"

तेवढ्यात स्पृहाचे हातपाय ताठ झाले आणि झटके येऊ लागले.

मग ट्यूब काढली. गालात बोट घालून लावली. अर्धी बाहेर सांडली. वरच्या मजल्यावरची निकिता माझी हाक ऐकून धावत खाली आली. तिने गाडी काढली. सबंध रस्ता मी एकच म्हणत होतो, साखर चांगली आहे तिची, साखर चांगली आहे.

इथे आल्या आल्या शिरेतून रक्त काढलं. चौतीस.

मी नर्सला विचारलं, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलंय?" पोर आत झुंजत होती आणि मी हे विचारलं. ती सलाइनची बाटली घेऊन आत गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आहे. जिवंत आहे. शिरेतून साखर गेल्यावर तासाभराने डोळे उघडले. "आई" म्हणाली. नंतर पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

रुपाली भर रस्त्यात बस थांबवून उतरली आणि कुणा अनोळखी माणसाच्या स्कूटरवर मागे बसून आली. आल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. स्पृहाच्या उशाशी बसून तिने तिचा सुई न लावलेला हात हातात घेतला, बोटं नाकाशी नेली आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं मुके घेते आहे. मग ओल्या रुमालाने एकेक बोट पुसलं. तो रुमालही नाकाला लावला. नंतर मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. दु:खाने माणसाला काय काय सुचतं.

मला एकच कळत नाही. चौतीस आणि एकशे सदतीस. दोन्ही खरं असू शकत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार. हॉस्पिटल

वरदचा फोन. रुपालीने तो बाहेर जाऊन घेतला, पण त्याचा आवाज जर्मनीहून दाराच्या आत येत होता. "बाबांच्या भरवशावर आता एक दिवस नको. तू नोकरी सोड, नाहीतर तिला घेऊन अकोल्याला जा." ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मी माझ्या मनाशी ठरवलंय. दोष मीटरमध्ये आहे. सदोष माल विकतात आणि वर पावती देतात. उद्या घरी जाऊन मीटरची रीतसर तपासणी करणार. पोरगी मरता मरता वाचली ती त्या यंत्रापायी, हे सिद्ध करून दाखवलं नाही तर नावाचा श्यामसुंदर नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. घरी

आज जन्माष्टमी, माझा उपास. म्हणजे तपासणीला आयती सोय. पोटात कालपासून काही नाही, तेव्हा माझी साखर स्थिर. मला मधुमेह नाही.

आंघोळ करून आल्यावर पहिलं वाचन घेतलं. चौऱ्याण्णव. अपेक्षेप्रमाणे.

मग देवाकडे वळलो. आज बाळकृष्णाचा दिवस, आणि ताम्हणात तो अजून बुधवारचाच पडलेला, अंगावर साखर वाळलेली. त्याला धुऊन पुन्हा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध. साखरेने चोळताना स्पृहाची फार आठवण आली. तीर्थाचा हात डोक्यावरून फिरवला आणि दुसरं वाचन घ्यायला बसलो.

दोनशे बारा.

मी ओरडलोच. एकटाच होतो घरात. "सापडला!" म्हणालो. पाण्याचा घोटही घेतलेला नाही, आणि यंत्र चौऱ्याण्णववरून दोनशे बारावर! उघड उघड सदोष. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. रुपालीला फोन करणार होतो. वरदलाही करणार होतो.

पण तिसरं वाचन बाकी होतं. तीन वाचनं घेतल्याशिवाय निकाल लिहायचा नाही, ही खात्यातली सवय. आणि त्याआधी काय करायचं, तर

पारडं पुसायचं.

मी माझ्या बोटाकडे बघितलं. किती वेळ बघत होतो माहीत नाही. मग ते जिभेला लावलं. गोड.

मोरीत गेलो. साबण लावला. धुतला हात, पुसला. सुई टोचली.

शहाण्णव.

थेंब रक्ताचा होता आणि साखर बोटावरची होती. पहिल्या दिवसापासून. संकल्प केला त्या पहिल्या दिवसापासून. बुधवारी ती माझ्या मांडीवर मान टाकून पडली होती आणि मी दोनदा तिच्या बोटावरचा मध मोजला आणि तिच्या आईला सांगितलं की साखर चांगली आहे. दुसऱ्या वेळी तेच बोट. तेच. पीठ माझ्या आकड्यांमुळे कमी झालं. रुपालीचे आकडे खरे होते आणि मी तिला बहुमत सांगितलं.

पुढे काही सुचत नाही.

त्याच दिवशी, रात्री

हॉस्पिटलात गेलो. रुपाली बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसली होती. उभ्या उभ्याच सांगितलं. तीन वाचनं, पंचामृत, न धुतलेला हात, सगळं. सांगताना माझा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

तिने चहा संपवला. म्हणाली, "बुधवारीच कळलं मला. बोटांना मधाचा वास येत होता. डॉक्टरांना सांगितलं त्याच दिवशी. त्यांनी पीठ पहिल्यासारखं केलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अकोल्याच्या लोकांना सोवळं कळत नाही."

खरंच म्हणालो असतो.

"आणि बाबा," ती म्हणाली, "बुधवारी मी तोंड उघडलं असतं ना, तर काय काय बोलले असते मला माहीत नाही. परत घेता आलं नसतं मला ते." एवढं बोलून रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मीही रडलो. समोरून जाणाऱ्या आयाबाई आम्हाला वळसा घालून गेल्या, त्यांना वाटलं असणार आमचं कुणी गेलं.

मी म्हटलं, "वरद म्हणतो ते बरोबर आहे. तू तिला घेऊन अकोल्याला जा. माझ्या हातात पुन्हा सुई देऊ नकोस."

तिने डोळे पुसले. "जन्माष्टमी आहे ना आज? काही खाल्लं का तुम्ही?" म्हटलं, नाही. आत जाऊन तिने पिशवीतलं केळं आणून दिलं. ते खाताना मला म्हणाली, "इतके दिवस आपण देवाची साखर मोजत होतो, बाबा." आणि त्या बाकावर, तशा अवस्थेत, आम्हा दोघांना हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

अकोल्याचं काय, ते तिने सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी स्पृहा घरी आली. डॉक्टर म्हणतात, मेंदूला इजा झालेली दिसत नाही. दिसत नाही, असं म्हणतात. मी तिला पाढे विचारले, रंग विचारले, शेजाऱ्यांची नावं विचारली. शेवटी तीच कंटाळली. तिने देवघरात डोकावून "बाळकृष्णाला कुणी आंघोळ घातली?" असं विचारलं. म्हटलं, मी. "साखरेने घासलं का?" मी उठून गॅलरीत गेलो.

रुपालीने बॅग भरायला काढली होती. खोलीच्या दारातून मला दिसली. कुणाची, कुठे जायची, विचारायचं धैर्य झालं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठून बघतो तर रुपाली ऑफिसच्या कपड्यांत. भरलेली बॅग दारात होती, तिची, लॅपटॉपची. अकोल्याची नव्हती.

"तू टोचून जा," मी म्हटलं.

"मी टोचू शकते. पण रोज नाही टोचू शकत. आणि तिच्या मापाला तुमच्याएवढं जपणारं माणूस मला पुण्यात कुठे मिळणार?" टोमणा होता की नव्हता, कोण जाणे. मीटर माझ्या हातात ठेवलं. "वरदला मी सांगितलंय. त्याला राग आहे. राहू दे. मी उभी आहे इथे, करा."

देवाचा दिवा लावला नव्हता. म्हटलं, आधी हे. देव थांबेल.

स्पृहाला मोरीत नेलं. कोमट पाणी, साबण. बोटांच्या मधे, नखांच्या कडेला, सगळीकडे. कोरडं पुसलं. माझेही हात धुतले. सुई हातात घेतली, पण पुढे नेववेना. तेव्हा स्पृहाने आपलं बोट पुढे केलं आणि अगदी निरीक्षकाच्या आवाजात विचारलं, "पारडं पुसलं?"

"पुसलं," म्हटलं.

"मग काटा बघा."

कडेला टोचली. थेंब आला. मी आणि रुपाली दोघं त्या इवल्या पडद्यावर वाकलो. खाली चौकात बसचा हॉर्न वाजला, तरी ती हलली नाही.

बहात्तर.

रुपालीने श्वास सोडला आणि बॅग उचलून पळाली. मी कॉर्नफ्लोअर कालवलं. स्पृहा प्यायली, मिशा पुसल्या आणि तराजू मागायला लागली. आकडा डॉक्टरांना पाठवायचा राहिला होता, तो पाठवायला बसलो. एकशे तीस-एकशे चाळीसची सवय लागलेल्या डोळ्यांना तो कमी वाटत होता. कमी आहेच. पण तिचा आहे.